बाईंचा नवस आणि माझे दोन क्लच

मी एका छोट्या, चपळ गाडीचा गिअरबॉक्स बोलतोय. बॉनेटखाली इंजिनाला खेटून माझी जागा. मला सहसा कुणी पाहत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण आमच्या बाईंनी एकदा नवस केला, त्या नवसापायी मी या घरात आलो, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

बाईंचे यजमान गाडी शिकवणारे मास्तर. निम्म्या गावानं स्टिअरिंग धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. काठी धरून ते चालायला लागले, तरी क्लच दाबण्याइतका जोर काही त्या पायात परत आला नाही. मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरवली, पलंगाखाली सारली आणि गॅलरीतली आपली खुर्ची रस्त्याकडे पाठ करून ठेवली. त्या संध्याकाळी बाई देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "हे पुन्हा गाडी चालवेपर्यंत माझ्या चहात साखर पडायची नाही."

ऐकायला हे साधं वाटेल. पण बाईंच्या चहात साखरेनं चमचा उभा राहतो, असं त्यांची मुलगी म्हणायची!

नवस बोलून बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. देवानं त्याचं करावं, आपण आपलं करावं, ही त्यांची श्रद्धा. त्या मास्तरांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी मास्तरांची नजर, हात, उजवा पाय सगळं तपासलं आणि म्हणाले, "क्लचचं पेडल नसलेली गाडी चालवायला यांना काहीच हरकत नाही. हरकत आहे ती यांचीच."

त्या वेळी मी शोरूममध्ये उभा होतो. माझा जन्म एका मोठ्या, लख्ख कारखान्यातला. माझ्या पोटात दोन दांडे आहेत, एक पोकळ आणि दुसरा त्याच्या आतून जाणारा. दोघांना आपापला क्लच. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. शोरूममधली मुलगी बाईंना हे समजावून सांगत होती, "काकू, एक क्लच गाडी ओढत असतो, तेवढ्यात दुसऱ्यानं पुढचा गिअर लावून ठेवलेला असतो. मग एकानं सोडायचं, दुसऱ्यानं धरायचं. मध्ये खंड नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा. एकीनं भांडं उतरवलं की दुसरीचं चढवायला तयार."

"अगदी तसंच."

"आणि भांडत नाहीत?"

"गार असताना थोड्या कुरबुरतात," मुलगी हसून म्हणाली. माझं याहून खरं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

बाईंची मुलगी सोबत आली होती. ती म्हणाली, "आई, बाबांसाठी घ्यायची तर चांगली मोठी, आरामशीर घे ना. ही केवढीशी! बसताना बाबांची कंबर धरेल."

"आरामशीर आणली तर ते तिच्यात झोपतील," बाई म्हणाल्या. "मला त्यांना जागं करायचंय."

अशी माझी आणि माझ्या गाडीची घरी रवानगी झाली. मास्तरांनी काठीनं टायरला टोचून पाहिलं, आत डोकावले आणि म्हणाले, "पाळणा आहे हा. बसायचं आणि झुलायचं. क्लच नाही, गिअर नाही, मग मी करायचं काय? हॉर्न वाजवू?"

"शेजारी तरी बसा."

"बसतो. तू कुठं आपटतेस ते बघायला कुणीतरी हवंच."

बाई गाडी चालवायला लागल्या. बाजार, बँक, मास्तरांच्या व्यायामासाठी दवाखाना. मास्तर शेजारी बसून टोमणे मारायचे. मी मात्र एक गोष्ट पाहत होतो. मी गिअर बदलला की त्यांचा डावा हात मांडीवरच किंचित हलायचा. मी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायचो आणि त्यांची बोटं आपसूक पुढे सरकायची. ओठांनी ते मला पाळणा म्हणत होते आणि हातानं माझ्याबरोबर गाडी चालवत होते. त्यांनी आपण होऊन स्टिअरिंगच्या बाजूला यावं, एवढंच मलाही हवं होतं. पण मला तोंड नाही. मी फक्त गिअर अलगद टाकत राहायचो.

मग तो दवाखान्याच्या पार्किंगचा चढ आला. वळणावळणानं वर जाणारा, अरुंद, आणि त्या दिवशी गाड्यांनी गच्च. पुढची गाडी इंचभर सरकायची आणि थांबायची. आता बाई गाडी शिकल्या त्या लग्नानंतर, मास्तरांच्याच हाताखाली. मास्तरांची एक परीक्षा असायची. चढावर मागच्या चाकाखाली काडेपेटी ठेवायची आणि ब्रेक न लावता नुसता अर्धा क्लच आणि ॲक्सिलरेटर यांवर गाडी धरून ठेवायची. काडेपेटी चेपली की नापास. बाई पहिल्याच दिवशी पास झालेल्या. तीच सवय त्यांच्या पायात होती. ब्रेकला हात न लावता म्हणा, पाय न लावता म्हणा, त्या ॲक्सिलरेटर हलकेच दाबून मला चढावर तोलत राहिल्या.

बाईंना वाटलं, किती छान धरलीय गाडी. इकडे माझा पहिला क्लच घासत, तापत चालला होता. मी थरथरलो. स्टिअरिंगपुढच्या काचेमागे इशाऱ्याचा दिवा लागला. मागून हॉर्नचा गलका. बाईंचा चेहरा उतरला.

मास्तरांनी नाक वर करून जळका वास घेतला. "अगं, पाय काढ! ब्रेकवर ठेव, ब्रेकवर! क्लच जळतोय!"

बाईंनी ब्रेक दाबला. गाडी निमूट उभी राहिली.

मास्तर थबकले. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. "हिच्यात क्लच आहे?"

"दोन आहेत."

"दोन! मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, शोरूममधून आले त्या दिवसापासून सांगतेय. तुमचं पाळणा-पाळणा संपेल तेव्हा ना!"

मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, संसार वर जाऊन करा!"

आणि मास्तर हसायला लागले. झटका आल्यापासून त्या घरात न ऐकलेलं हसणं. "चढावर अशी गाडी धरायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग चूक माझीच. हँडब्रेक ओढ. जरा निवू दे त्याला, मग उठून या बाजूला ये. मी नेतो वर."

मास्तर काठी टेकत गाडीला वळसा घालून आले. उजवा पाय ब्रेकवर, डावा आपला एका अंगाला निवांत. ब्रेक सुटला, ॲक्सिलरेटर दाबला गेला आणि मी जीव लावून त्यांना वर नेलं.

त्या दिवशी परतताना त्यांनी तळ्याकाठचा वळणांचा रस्ता धरला. स्टिअरिंगमागे दोन छोट्या पट्ट्या असतात. डावी ओढली की गिअर खाली, उजवी ओढली की वर. मास्तरांनी वळणाआधी डावी ओढली. मी तो गिअर आधीच लावून ठेवला होता. इंजिन गुरगुरलं, गाडी वळणातून चेंडूसारखी सुटली. आयुष्यभर ते शिष्यांना सांगत आले होते, पुढचा गिअर आधी डोक्यात हवा. "हा तर माझाच शिष्य निघाला," ते पुटपुटले. मला काय वाटलं म्हणून सांगू! बाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती, आणि तरी म्हणत होत्या, "अजून एक वळण घ्या ना."

घरी आल्यावर बाईंनी आधी देवाला नमस्कार केला, मग चहात साखर घातली. त्यांची लेक सांगते, चार चमचे.

आता माझं वय झालं. थंडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक हलका हिसका बसतो. मास्तर दर वेळी मला "हळू रे" म्हणतात आणि वेळेवर तेल बदलून घेतात. ते पुन्हा शिकवू लागलेत. अपघातात डावा पाय गमावलेला शिंपी, गुडघे धरलेली शाळेतली शिक्षिका, अशी माणसं माझ्याकडे येतात. आधी सगळी घाबरतात. तळ्याकाठच्या रस्त्याला लागली की मात्र गाणं म्हणायच्या बेतात असतात. काल शिंपीदादांनी पहिल्यांदा आपल्या आईला मागं बसवून फिरवून आणलं. म्हातारी उतरताना गाडीच्या टपावरून हात फिरवून गेली. तो हात मला खालपर्यंत पोचला.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, आपल्याच्यानं आता काही होत नाही असं धरून रस्त्याकडे पाठ करून बसलेलं. त्यांच्यासाठी तुम्हीही एक नवस करा. तुमच्या आवडीचं काहीतरी सोडा, देवाला मनापासून सांगा. आणि मग उठा, दार उघडा, आणि त्यांना एकदा शेजारच्या सीटवर बसवून बाहेर घेऊन जा.