दोन्ही पाय सारखेच

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी अडखळेन. मी एक जुना सोनोग्राफीचा प्रोब आहे. प्रोब म्हणजे यार, डॉक्टर गार गार जेल लावून अंगावर फिरवतात ना, तो साबणाच्या वडीएवढा तुकडा. मी तुम्हाला ऐकू न येणारा आवाज आत पाठवतो, तो आपटून परत येतो आणि स्क्रीनवर चित्र उमटतं. बस, एवढंच माझं काम. बोलता मला येत नाही, आणि तिथेच सगळं अडलं.

मी असतो दिल्लीत, करोल बागेत, गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानावरच्या क्लिनिकात, पहिल्या मजल्याला. नवा होतो तेव्हा श्यामकांत सर मला वापरायचे. काय हात होता त्यांचा! अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेच्या वरची ती चिमटीत येणारी दोरी, तिची जाडी मोजावी ती त्यांनीच. पेशंटला पालथं झोपवायचं, पावलं पलंगाबाहेर, आणि मला अगदी सरळ धरायचं, कारण मी जरा कललो की माप खोटं जाड येतं. एकदा शिकवताना ते म्हणाले होते, "दोन्ही दोऱ्या जाड आणि आत काळे डाग असले, तर नुसता पाय बघू नका, रक्त तपासा. घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल असू शकतं, ते हृदयाला धरतं. गोळ्यांनी आवरतं, पण कळायला हवं." ते माझ्या अगदी डोक्यात बसलं.

मग सर रिटायर झाले. मी दोनदा फरशीवर पडलो, एकदा वायरवरून स्टुलाचं चाक गेलं. माझ्या आतले आवाज काढणारे काही मणी मेले, तेव्हापासून चित्रात काळे पट्टे येतात. दुरुस्तीला कुणी पाठवलं नाही. चलता है, म्हणाले सगळे.

आणि मागच्या मंगळवारी धैर्यशील आला. फौजी, कँटमध्ये म्हणजे लष्कराच्या छावणीत राहतो, अडतीस वर्षांचा, सोबत बायको शिवांजली. आर्मीच्या हॉस्पिटलात दाखवलं तर कागदावर चढतं, मेडिकल कॅटेगरी खाली येते, प्रमोशन अडकतं, म्हणून हा गुपचूप मेट्रोने बाहेर आलेला. आठ दिवसांनी धावण्याची टेस्ट. उजवी टाच दुखत होती.

डॉक्टर रेवती नवीन, पुण्याची. आधी हिंदीत बोलत होती, पण शिवांजली "अहो, नीट झोपा की" म्हणाली आणि रेवतीचा चेहराच खुलला. तिने मला टाचेवर ठेवलं. सात पूर्णांक आठ मिलिमीटर. पाच-साडेपाच असतं हो लोकांचं! आणि आत काळे काळे डाग.

"हे काय काळं?" ती थांबली. मी मनात म्हटलं, बघ, नीट बघ! तिने मला पुसलं, पुन्हा ठेवलं, मग हसली. "प्रोब म्हातारा झालाय. हा असलंच दाखवतो."

मग तिने डावा पाय घेतला. असंच करतात, दुखऱ्या पायाची जाडी चांगल्या पायाशी ताडून बघतात. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. सात पूर्णांक सात.

"दोन्ही पाय सारखेच आहेत. दोरी फाटलेली नाही. पळणाऱ्यांची थोडी जाड असतेच. तुमची ठेवणच तशी."

"म्हणजे पळू ना, मॅडम?"

"आठवडाभर शेका, मग पळा."

ती रिपोर्टचा प्रिंट आणायला बाहेर गेली. शिवांजली जेल पुसत म्हणाली, "ठेवण कसली, घराण्याचा शिक्का आहे. सासूबाई म्हणतात, मामंजींची टाच बुटात जाईना."

धैर्यशील मोजे चढवत होता. "बाबांच्या टाचा खरंच अशाच होत्या. गेले तेव्हा पाया पडलो ना, तेव्हा हाताला लागल्या." मग बुटाची नाडी बांधत म्हणाला, "बेचाळीस म्हणजे काही वय नव्हतं. छातीत कळ आली आणि बसल्या जागी."

मित्रांनो, मी हुकाला लटकलेलो, दोन हातांवर! डॉक्टर आत आली, तेव्हा म्हटलं, आता सांगतील. पण टाच दुखते म्हणून आलेला माणूस वडिलांच्या छातीचं कशाला सांगेल? आणि चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना ती तरी काय काय विचारेल? तिने रिपोर्ट दिला, त्याने कडक नमस्कार केला, शिवांजलीने हळदीकुंकवाला या म्हणून पत्ता लिहून दिला. पुढचा पेशंट आला. मला पुन्हा गार जेल लागलं, कुणाच्या तरी खांद्यासाठी.

आपल्याकडच्या वस्तू वेळेवर दुरुस्त करा रे, एवढंच सांगेन. माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखा मी राहिलो असतो, तर ती नक्की थांबली असती. आज सोमवार. उद्या सकाळी तो धावणार. मला सगळं माहीत आहे आणि मला तोंड नाही. माझ्या जागी तुम्ही असतात, तर काय केलं असतंत?