चुकलंय तेवढंच पूस

मी डस्टर बोलतोय. घाबरू नका, खडूची पूड झटकत नाहीये तुमच्यावर! कॉलेजच्या जिन्याखालच्या छोट्या खोलीत, फळ्याच्या काठावर माझा मुक्काम असतो.

मला इथल्याच सुतारकाकांनी बनवलं. मोडक्या बाकाची फळी आणि जुन्या कोटाचं जाड कापड, एवढंच माझं भांडवल. "चार वर्षं टिकला तरी पुष्कळ," असं काका म्हणाले होते. यंदा मला नववं लागलंय, कुणीतरी त्यांना कळवा.

आधी मी मोठ्या वर्गात होतो. तिथे प्राध्यापक लिहायचे, मी पुसायचो आणि मुलं जांभया द्यायची. मग या खोलीत आलो, तर शिकवायला प्राध्यापकच नाहीत! कॅलक्युलस भल्याभल्यांना घाम फोडतं, म्हणून आदल्या वर्षी तो विषय पास झालेली एक मुलगी आठ जणांना घेऊन अभ्यासाला बसायची. सगळे तिला ताई म्हणत.

ताई हुशार, पण भारी उतावळी. कुणी फळ्यावर चुकलं रे चुकलं की मला उचलायची, सगळं पुसायची आणि स्वतः झरझर सोडवून दाखवायची. "कळलं?" असं विचारलं की आठही माना डोलायच्या. मलाही वाटायचं, काय झकास चाललंय आपलं.

चाचणीत आठातले सहा आपटले.

त्यांतला एक मौनीबाबा. कधी तोंड उघडायचा नाही म्हणून हे नाव. गेल्या वर्षी याच विषयात गचकला होता, आता वार्षिक परीक्षेतही नापास झाला तर कॉलेज कायमचं सुटणार होतं. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, मी उद्यापासून येत नाही."

"का रे?"

"तू सांगतेस तेव्हा सगळं कळतं. घरी वही उघडली की काही म्हणजे काही सुचत नाही. उगाच तुझा वेळ कशाला?"

ताईचा चेहरा उतरला. तिने खडू पुढे केला. "एक गणित सोडव, मग खुशाल जा."

त्याने लिहायला घेतलं. पाचव्या ओळीत वजाचं अधिक केलं. सवयीने ताईने मला उचललं, मी फळ्याकडे निघालोसुद्धा! पण ती मधेच थबकली आणि तिने मला त्याच्या हातात ठेवलं.

"कुठपर्यंत बरोबर आहे ते तूच बघ. चुकलंय तेवढंच पूस."

तो वरपासून एकेक ओळ बोटाने तपासत खाली आला. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या लाकडाला लागला. ताईने हात पाठीमागे घट्ट धरले होते. गप्प राहणं तिला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शेवटी त्याने पाचवी ओळ पुसली. वरच्या चार तशाच राहिल्या.

"म्हणजे एवढं मला येत होतं?" तो म्हणाला.

तेव्हापासून नियमच झाला, ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. ताई मागच्या बाकावर बसू लागली. खोलीत वाद वाढले, आरडाओरडा वाढला, कधी ताईचंही अडायचं आणि मग नऊ डोकी एकाच वहीवर वाकायची. मौनीबाबा काठावर पास झाला. मी स्वतः काठावरच राहतो, त्यामुळे मला त्याचं फार कौतुक वाटलं.

ताई पुढे नोकरीला लागली. आता हे मंडळ मौनीबाबाच चालवतो, आणि बोलतो म्हणजे किती बोलतो! काल एक नवी मुलगी फळ्यावर चुकली. कानापर्यंत लाल झाली, मला उचलून सगळा फळाच पुसायला निघाली. मौनीबाबा बाकावरून अर्धवट उठला, हात पाठीमागे धरून पुन्हा बसला.

"सगळं नको गं. येतंय तेवढं राहू दे."

तिने एकच ओळ पुसली.

माझं कापड आता विरलंय, लाकूड फळ्याला घासतं. नवा डस्टर आणाल तर जरूर आणा, मी सुखाने जागा सोडेन. एवढंच मागणं आहे, तो चुकलेल्याच्याच हातात द्या.