न पाहिलेला बांध

मी एक रबरी शिक्का. लाकडी मूठ आणि पोटावर उलटी अक्षरं. कागदावर उमटलो की ती सुलट वाचता येतात: 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली.' हसू नका. इतक्या वर्षांत टेबलाच्या या खणापासून मी हातभरसुद्धा लांब गेलेलो नाही.

डोंगरातल्या लहान शेतांना सरकारी मदत देणाऱ्या कार्यालयात माझी नेमणूक झाली. कुणाला पाण्याची टाकी हवी असे, कुणाला शेळ्यांसाठी छप्पर. अर्ज आला की साहेबांनी डोंगर चढून जागा बघायची, मगच मला उचलायचं, असा नियम. पण साहेबांचे गुडघे दुखायचे. मन मात्र मोठं. "गरिबांना कशाला ताटकळत ठेवायचं?" म्हणायचे आणि मला शाईत बुडवायचे. मीही उचलली जीभ लावली टाळ्याला! तेव्हा त्याचा मला मोठा अभिमान वाटायचा.

एकदा एक आजोबा आले. पावसात त्यांच्या शेताचा दगडी बांध ढासळला होता.

"अर्धा उभा आहे, साहेब. तो आमच्या हिनं रचलाय, एकेक दगड निवडून. ती गेली आता. तेवढा राहू द्या, पडलाय तेवढाच बांधून द्या. तुम्ही एकदा येऊन बघाच."

"येतो की, आजोबा. सोमवारी नक्की."

सोमवारी साहेब खुर्चीतच होते. म्हाताऱ्याला भरपूर मदत मिळावी म्हणून त्यांनी अर्जावर लिहिलं, 'बांध पूर्ण ढासळला आहे.' खाली मला दाबलं. पाहणी केली, असं मी ठणकावून सांगितलं.

दोन महिन्यांनी आजोबा पुन्हा आले.

"काय आजोबा, झाला ना नवा बांध?" साहेब खुशीत होते.

"झाला. मजबूत आहे. पण मी औषध आणायला खाली आलो होतो. परत गेलो तर गड्यांनी हिचा बांधही पाडलेला. म्हणाले, कागदावर तो पडलेलाच आहे."

साहेबांनी मान खाली घातली. आजोबांनी बरोबर आणलेल्या अर्जाच्या प्रतीवरच्या माझ्या ठशावर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"सोमवारी मी वाट झाडून ठेवली होती. अंधार पडेपर्यंत बसलो होतो. मग हे कोण येऊन बघून गेलं, साहेब?"

मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

त्यानंतर साहेब उठत-बसत का होईना, डोंगर चढू लागले. त्या एका शेतावर जायचा मात्र त्यांना धीर झाला नाही. पुढे ते निवृत्त झाले. आता पाहणीचे फोटो मोबाइलवर काढतात. मी या खणात गंजलेल्या टाचण्यांशेजारी पडून असतो. खण उघडला की क्षणभर आशा वाटते, पण हात येतो तो टाचणीसाठी. फार एकटं वाटतं हो. आजोबांनाही त्या सोमवारी असंच वाटलं असेल.

कधी हा खण आवरायला काढलात, तर मला लगेच फेकू नका. एकदा त्या शेतावर न्या. आजोबा असले तर सांगा, सोमवारी येणार होता तो आलाय. आणि नसले, तर मला त्या बांधाशी ठेवून या. तिथल्या मातीत आजींनी रचलेला एखादा दगड अजून असेल. तेवढा तरी मला बघू द्या.