जीवरामभाऊंनी आपलं काळीज पाहिलं

रावेरकडच्या केळी बागायतदारांत जीवरामभाऊ म्हणजे सगळ्याच अर्थांनी वजनदार माणूस. काट्यावर एकशे चौदा किलो. पोट हे खात्यापित्या घराचं लक्षण, अशी त्यांची पक्की समजूत. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा उपायही त्यांनी घरचाच काढला: आठवड्याला तीन उपास. मग साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, आपल्याच बागेतल्या केळांचे वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी! दोन महिन्यांत चार किलो वाढले आणि भाऊ देवावर जरा रुसले.

शेवटी त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, काही ऐकलं नाही. जळगावला आणून त्यांना दवाखान्यात टेबलावर झोपवलं. भाऊंना धास्ती एकच होती: आता वेळ गेली, असं डॉक्टर म्हणतील.

डॉक्टर चारुलतांनी छातीवर गार जेल लावून यंत्र टेकवलं. "काका, हे बघा तुमचं हृदय."

पडद्यावर काहीतरी मिटत होतं, उघडत होतं. आतल्या इवल्या झडपा लवलव हलत होत्या. भाऊ मान उंचावून बघत राहिले. आपल्या एवढ्या धिप्पाड देहात इतकं नाजूक कुणी कामाला आहे, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"हे कवापासून चालू आहे?"

"तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हापासून."

"मधी कधी थांबलं नाही?"

"थांबलं असतं तर आपण बोलत नसतो." डॉक्टरांनी एका कडेवर बोट ठेवलं. "चरबीलाही रक्त पुरवावं लागतं, काका. त्यात बीपी वाढलेलं, रक्तवाहिन्या कडक झालेल्या. जोर लावून लावून ही भिंत जाड झाली आहे."

पाच एकरांची मोटर आठ एकरांना जोडली की काय होतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण मोटरला निदान लोडशेडिंगचा विसावा असतो. या मुठीएवढ्या जिवाला बावन्न वर्षांत तेवढंही मिळालं नव्हतं.

"मॅडम, मले उशीर झाला का?"

"नाही. वजन आणि बीपी उतरवा. त्याचा भार हलका होईल, भिंतही थोडी सुधारेल."

डॉक्टरांनी यंत्र उचललं आणि पडदा काळा झाला. भाऊंनी दचकून छातीवर हात ठेवला. आत काम चालूच होतं.

सुगंधाबाई सदरा घेऊन पुढे आल्या. "काय झालं? डोये काबरं भरले?"

"हा आत एकटा राबू राहिला," भाऊ म्हणाले, "अन् मी त्याले एक दिवस विचारलं नाही, तुले जड तं होत नाही ना म्हनून."