माणिकप्पाच्या कमरेचा करदोडा

माझ्या मालकाला पोट सुटलं तर त्यात कुणाकुणाचा फायदा होता, ते आधी सांगून टाकतो. मालकाचा फायदा असा, की आमच्या मुरुम गावच्या पेठेत काटकुळ्या आडत्याच्या शब्दाला वजन नसे. पोटाळ आडत्या दिसला की शेतकरी म्हणे, ह्याचं बरं चाललंय, ह्याच्याकडं माल टाकायला हरकत नाही. त्याच्या आईचा, नागम्माचा फायदा असा, की लेकाचं पोट म्हणजे तिच्या हातच्या स्वयंपाकाची पावती. आणि लिंबाजी सोनाराचा फायदा असा, की पोट वाढलं की मला कड्या जोडाव्या लागत आणि जोडायची मजुरी त्याला मिळे. तोटा कुणाचा, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा करदोडा आहे, पुरुषमाणसं कमरेला घालतात तो. आमच्या घरात कानडीही बोलत, म्हणून नागम्मा मला उडदार म्हणायची. निजामाच्या राज्यात, माणिकप्पाच्या लग्नात लिंबाजीनं मला घडवलं. कडीत कडी गुंफली, टोकाला आकडा बसवला आणि नवरदेवाच्या कमरेला घातलं. मी इतका सैल बसलो, की लिंबाजीलाच हसू आलं. "अप्पा, करदोडा तुमचा का तुमच्या बैलाचा?"

पेठ हसली, नवरदेवही हसला. पण ते हसू त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं, हे मला त्याच्या श्वासावरून कळलं. तेव्हापासून माणिकप्पाला एकच गोष्ट हवी होती. पोट.

माणूस वाईट नव्हता. मापात काटा मारत नसे, शेतकऱ्याला उन्हात ताटकळत ठेवत नसे. लढाईचे दिवस आले, धान्याला भाव चढला, सोलापूर-लातूरचे खरेदीदार पेठेत येऊ लागले. त्यांना खूश ठेवायला दुकानामागच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांआड, बाटली आली. ओतायचं काम धाकट्या भावाचं, शांतलिंगचं. आता गंमत पाहा. शिवपूजा झाल्याखेरीज तोंडात पाणी न घालणारं हे घर. तिथं दारूचं नाव कसं काढणार? म्हणून तिला 'बैठक' म्हणायचं ठरलं. "आज बैठक आहे," असं माणिकप्पा सांगे, आणि नागम्मा म्हणे, "धंदा वाढलाय लेकराचा." खरेदीदार आठवड्याला येत. बैठक मात्र रोजची झाली.

आणि मग पोट आलं.

काय कौतुक झालं म्हणून सांगू. नागम्मानं दृष्ट काढली. पेठेतली माणसं "अप्पा" सोडून "अप्पासाहेब" म्हणू लागली. मी पोटात रुतायला लागलो, तसा मालक मला घेऊन लिंबाजीकडं गेला. लिंबाजी म्हणाला, "कड्या जोडतो, पण चांदी लागंल." माणिकप्पा घरी आला आणि बायकोला, शिवकांताला म्हणाला, "तुझे तोडे पडूनच असतात की." तोडे तिच्या पायातच होते. तिनं एक उतरवून दिला.

मी कमरेवर राहणारा. पोटाची खबर माझ्याइतकी कुणाला? छाती खाली बसत होती, दंड वाळत होते, मांड्यांच्या काठ्या झाल्या होत्या, आणि तेवढं पोट मात्र भरल्या पखालीसारखं ताणलेलं. मालक कुशीवर वळला की पोट आतल्या आत त्या बाजूला कलंडे. चरबी कधी अशी कलंडते का? मला ओरडून सांगायचं होतं. पण करदोड्याला रुतण्यापलीकडं भाषा नाही. मी जीव खाऊन रुतलो. त्यावर मालकानं काय करावं? लिंबाजीकडं जाऊन आणखी दोन कड्या जोडून घेतल्या.

मग डोळे पिवळे झाले. नागम्मा म्हणाली, कावीळ. तिनं दूध बंद केलं, वरण बंद केलं, दोन वेळा पातळ पेज चालू केली. शांतलिंग म्हणाला, "शिंदी थंड असतीय, दादा. काविळीला लई चांगली." म्हणजे ज्यानं माणूस तगला असता ते ताटातून गेलं, आणि ज्यानं आजार आला ते तांब्यातून आलं. माणिकप्पा अंथरुणाला खिळला, जेवणावरून वासना उडाली, दिवसाढवळ्या भलतंच बोलू लागला. तेव्हा शिवकांतानं कुणाला न विचारता बैलगाडी जुंपायला सांगितली आणि त्याला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. नागम्मा गाडीत चढून बसलीच.

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. त्यांनी पहिल्यांदा मला काढायला लावलं. बरगडीखाली दाबलं, पोटावर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "रोज कितना पीते?"

"आमी शिवाचे लोक, साहेब," नागम्मा म्हणाली. "आमच्यात असलं चालत न्हाय."

डॉक्टरांनी माणिकप्पाकडं पाहिलं. माणिकप्पानं आढ्याकडं पाहिलं. शिवकांता आजवर सासूसमोर आवाज चढवून बोलली नव्हती. आताही तिनं चढवला नाही.

"पितात," ती म्हणाली. "रोज. दुकानामागच्या खोलीत."

"शिवकांता, घरचं घरात ठेवावं."

"घरात ठेवलं म्हनूनच इथवर आलं, आत्याबाई."

"बाई, तुमने अच्छा किया," डॉक्टर म्हणाले. "ये चरबी नहीं, पानी है. दारू से जिगर सूज गया."

मित्रांनो, मी तेव्हा शिवकांताच्या मुठीत होतो, म्हणून पुढचं सगळं ऐकलं. जिगर म्हणजे यकृत. उजव्या बरगडीखाली बसून ते खाल्लंप्यालेलं सगळं निस्तरतं. रोजच्या दारूनं ते सुजतं. सूज चढली की डोळे पिवळे होतात, पोटात पाणी साठतं. आता थांबलं तर सूज उतरायला वाव आहे. चालूच ठेवलं तर यकृत दगडासारखं होतं, आणि मग ते मऊ होत नाही. थांबण्याहून मोठं औषध डॉक्टरांच्या कपाटात नव्हतं.

"शिंदीबी न्हाई?" माणिकप्पानं क्षीण आवाजात विचारलं.

"शिंदी भी नहीं. उंगली डुबोके चाटना भी नहीं."

एकदम सोडली की हात थरथरतात, भास होतात, कधी झटकेही येतात. म्हणून सुरुवातीचे दिवस त्याला तिथंच ठेवून घेतलं आणि सुईनं पोटातलं पाणी काढलं. घरी पाठवताना बजावलं. उपास नको. दूध, दही, वरण, थोडं थोडं पण दिवसातून पुष्कळदा. मीठ कमी, पापड-लोणचं बंद. डाग देणं, झाडपाला घालणं बंद. रक्ताची उलटी झाली, शौचाला काळी झाली किंवा बोलणं बरळल्यासारखं वाटलं, तर तसंच उचलून आणा.

नंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. शिवकांता रोज सकाळी मला मालकाच्या कमरेला लावून पाही, आकडा कुठल्या कडीत बसतो ते. आकडा हळूहळू मागच्या कडीवर सरकू लागला. डोळे पांढरे झाले, दंडावर मांस आलं. जास्तीच्या कड्या आकड्यापलीकडं लोंबू लागल्या आणि तो चालला की वाजत. तिचा दिलेला तोडा घरात पुन्हा वाजायला लागला होता, फक्त नवऱ्याच्या कमरेला. ती ऐके आणि हसे.

आणि इथंच सगळं बिघडलं, कारण माणिकप्पा बरा होऊन पेठेत गेला.

"अप्पा, काय वाळलाव हो," पहिल्याच शेतकऱ्यानं म्हटलं. "दुकान बरं चाललंय न्हवं?" दुसऱ्यानं तर आपली तूर शेजारच्या दुकानात उतरवली. आजारात जो माणूस श्रीमंत दिसत होता, तो बरा झाल्यावर बुडालेला दिसू लागला. मला इतकी चीड आली, की तुटून खाली पडावंसं वाटलं. पण लिंबाजीचं काम पक्कं.

"डॉक्टरनं सांगितलं ते आजारी असताना," माणिकप्पा त्या दिवशी म्हणाला. "आता म्या बरा हाय."

"तेच म्हनतो मी," शांतलिंग म्हणाला. "खरेदीदारांसमोर दूध पीत बसलाव तर कसं दिसंल, दादा?"

बैठक पुन्हा बसली. पोट पुन्हा आलं, आणि ह्या वेळी फार घाईनं आलं. पेठ खूश झाली. नागम्मा म्हणाली, "आता कसा दिसतोस, बघ." दुसरा तोडा मालकानं तिला न विचारताच लिंबाजीकडं नेऊन दिला. शिवकांता लिंबाजीकडं गेली आणि म्हणाली, "करदोड्याला कडी जोडू नका. ते पोट न्हाई, आजार हाय."

"म्या न्हाई जोडली तर दुसरा जोडंल, वैनी," लिंबाजी म्हणाला, आणि त्यानं जोडली.

शेवटी रक्ताची उलटी झाली. गाडी पुन्हा उमरग्याला गेली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि ह्या वेळी काही विचारलं नाही. माणिकप्पा परत आला तो झाकलेला. पेठेत सगळे म्हणाले, कावीळ लई वाईट. दारूचं नाव तेव्हाही कुणी काढलं नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. पोट वाढतंय आणि दंड वाळतायत, डोळे पिवळे दिसतायत, तर त्या माणसाचं कौतुक करू नका, त्याला दवाखान्यात न्या. तिथं विचारलं तर खरं सांगा. आणि पिणं सोडून बारीक झालेला माणूस भेटला तर "वाळलात" म्हणू नका. बरं होणं असंच दिसतं, हे पेठेला कुणी शिकवलं असतं तर मी अजून मालकाच्या कमरेला असतो.

दिवस झाल्यावर नागम्मानं मला शांतलिंगच्या हाती दिलं. "थोरल्याची खूण. घाल." त्यानं घातलं. आकडा बरोबर तोड्यांच्या कड्यांवर बसला. नागम्माचे डोळे भरून आले. "थोरल्यावानीच पोट आलंय गं ह्याला," ती म्हणाली.

शिवकांता उठली. तिनं मला दिराच्या कमरेवरून सोडवलं आणि सरळ लिंबाजीच्या दुकानात नेऊन ठेवलं.

"माझ्या चांदीच्या कड्या तोडून द्या."

"मग ह्याच्या कमरेला बसायचा न्हाई, वैनी," मागून आलेल्या शांतलिंगकडं बघत लिंबाजी म्हणाला.

"बसंल. बाटली सोडली की बसंल."

कड्या तुटल्या. मी लग्नात होतो तेवढाच उरलो. आता कोनाड्यात असतो. शांतलिंग अधूनमधून मला लावून बघतो, आकडा पोहोचत नाही, परत ठेवून देतो. मी वाट पाहतो.

तर जमाखर्च असा. पेठेनं एक चांगला आडत्या घालवला, तिला पत्ता नाही. नागम्मानं लेक घालवला, ती काविळीला बोल लावते. माणिकप्पानं जे हवं होतं ते मिळवलं आणि जीव दिला. शिवकांताला चांदी परत मिळाली, तोडे नाहीत. लिंबाजीनं जोडायची मजुरी घेतली होती, तोडायचीही मागितली.

तीही शिवकांतानंच दिली.