दोन डावे पंख

मी बाल्साच्या लाकडाचं एक जुनं विमान आहे. कॅन्ससमधल्या एका स्वयंपाकघरात, फडताळाच्या वर, मला दोऱ्यानं टांगलेलं आहे. खाली भट्टीतून पाव निघाला की गरम हवा वर येते, माझा कागद जरासा ताणला जातो आणि मी झोपेत कूस बदलावी तसा वळतो. अशा वेळी मला जुनं आठवतं.

मित्रांनो, विमान होण्याआधी मी झाड होतो. फार दक्षिणेकडच्या, सदा ओल्या रानात. झाड म्हणून मी कुणाच्या कामाचा नव्हतो. घराला आधार द्यावा इतकं बळ अंगात नाही, चुलीत घालावं तर क्षणात राख. माझ्यात लाकूड थोडं आणि हवाच जास्त. पुढं कळलं की माणसं नेमकं असंच लाकूड शोधत असतात.

मला चिरून पातळ पट्ट्या केल्या, बारीक काड्या केल्या. घडी घातलेल्या आराखड्यासकट एका डब्यात निजवलं आणि मिस्टर प्रुइट यांच्या दुकानात पाठवलं. माझ्या शेजारी लढाऊ विमानांचे डबे होते. त्यांच्यावर ज्वाळा, ढग, दात विचकलेली तोंडं. माझ्या डब्यावर एक साधं पिवळं विमान. येणारा जाणारा माझ्यावर हात टेकून शेजारच्याला उचलायचा. मी अंधारात पडून रानाची स्वप्नं बघायचो.

एका थंड सकाळी हार्लन उनरू आणि त्याची लेक ट्वायला दुकानात आले. ट्वायला सरळ दातवाल्या डब्याकडे गेली.

"चित्र उडवायचंय की विमान?" हार्लननं विचारलं.

"दोन्ही."

"मग डोळे मीट. हात पुढं कर." त्यानं तिच्या एका तळव्यावर तो डबा ठेवला, दुसऱ्यावर मला. "आता सांग, उडायची घाई कुणाला झालीय?"

ट्वायला बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. तिचे तळवे वरखाली होत होते. मग तिनं मला छातीशी धरलं. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

हार्लन गहू कापणाऱ्या टोळीत होता. वसंत सरता सरता ही टोळी हार्वेस्टर घेऊन दक्षिणेला टेक्ससमध्ये जाते आणि पिकत जाणाऱ्या गव्हाच्या मागोमाग उत्तरेकडे सरकते. वाटेत कॅन्सस लागतं तेव्हा काही दिवस घर, मग पुन्हा पुढं, थेट पानं गळेपर्यंत. दर वर्षी परतल्यावर बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचायचं नाही. मागच्या वर्षी तर ट्वायलानं त्याला "बसा" म्हटलं होतं, पाहुण्याला म्हणतात तसं. म्हणून हा घाट होता. मला मिळून बांधायचं आणि गव्हाबरोबर तो घरी येईल तेव्हा मिळून उडवायचं.

जेवणाच्या टेबलावर माझं धड तयार झालं. आराखड्यावर मेणकागद, त्यावर टाचण्या, टाचण्यांच्या मध्ये मी. आई वर्ना ताटल्या मांडीवर घेऊन जेवायची आणि म्हणायची, "या घरात आता विमानानंच जेवावं, माणसांनी उडावं."

जाताना पंखांचं काम वाटून घेतलं. एक ट्वायलाकडे, एक हार्लनकडे. तिनं आराखड्यावरचं पंखाचं चित्र कागदावर उतरवून त्याला दिलं, निम्म्या काड्याही दिल्या. आराखड्यात पंख एकच काढलेला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "हा डावा. उजवा याच्या उलट करावा." पण कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून त्या कोपऱ्यावर साखरेची बरणी ठेवलेली. मला ते ठाऊक होतं, मित्रांनो. पण लाकडाला तोंड कुठलं?

ट्वायलानं आपला पंख जपून, हलक्या हातानं केला. तिकडे टोळीच्या चाकांवरच्या घरात, हार्वेस्टर हाकून जड झालेल्या बोटांनी, हार्लननं आपला केला. गहू पिकत पिकत कॅन्ससला पोचला आणि एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला. टोपीत जपून धरलेला पंख. ट्वायलानं आपला आणला. दोघांनी ते माझ्या दोन्ही बाजूंना लावून धरले.

"बाबा, तू उलटा धरलायस."

"मी सरळच धरलाय. तूच बघ तुझा."

एका पंखाचा जाड काठ पुढं होता, दुसऱ्याचा मागं. वर्ना चुलीपाशी वळून म्हणाली, "दोघांचंही बरोबर आहे. दोन्ही डावे आहेत."

हार्लन हसायला लागला. ट्वायला हसली नाही. "तुला हसू येतंय," ती म्हणाली. "गहू संपला की तू चाललास. मग मी हे कुणाबरोबर उडवू?"

त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं मिस्टर प्रुइटना फोन लावला. फोनमधलं हसणं टेबलापर्यंत ऐकू आलं. "अरे, प्रत्येक जण एकदा दोन डावे करतो, हार्लन. पण दोघांनी मिळून केलेले पहिल्यांदाच ऐकतोय. आराखड्याला स्वयंपाकाचं तेल चोळ. चित्र मागून दिसेल. त्यावर बांध, झाला उजवा."

पण काड्या संपल्या होत्या. एक पंख सोडवल्याशिवाय दुसरा होणार नव्हता.

"माझा सोडवू," ट्वायला म्हणाली. "तुझा इतक्या लांबून आलाय."

"लांबून आला म्हणून तो उडणार नाही. गोंदानं जड झालाय बिचारा. तुझा राहू दे."

"नाही."

"ट्वायला, डोळे मीट," वर्ना म्हणाली आणि दोन्ही पंख तिच्या तळव्यांवर ठेवले. ट्वायलाला उत्तर कळलं. तिनं मान खाली घालून हार्लनचा पंख त्याच्यापुढं ठेवला.

वर्नानं नखांचा रंग पुसायची बाटली आणून दिली. हार्लन एकेक सांधा भिजवून आपलाच पंख सोडवू लागला. प्रत्येक फासळीवर वाळलेल्या गोंदात त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. ट्वायला ते बघत राहिली. मग खुर्ची ओढून त्याच्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून बसली. "तू चिकटव. मी धरते. जोरात दाबू नकोस."

दव वाळेपर्यंत गहू कापता येत नाही. त्यामुळं सकाळ तेवढी हार्लनच्या हातात होती. त्या सकाळींमध्ये, तेलकट कागदावर, चार हातांखाली माझा उजवा पंख झाला. मग पतंगासारखा पातळ कागद चढला, वर पाण्याचा फवारा, आणि वाळताना मी इतका ताणला गेलो की टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजायचो. ते दिवस मला धुक्यातून दिसल्यासारखे दिसतात. गोंदाचा वास, कॉफीचा वास, आणि माझ्यावर वाकलेले दोन श्वास.

टोळी उत्तरेला निघायची ती सकाळ उजाडली. दोघं मला घेऊन कापलेल्या शेतात आले. वारा नव्हता. रस्त्यावर ट्रक रांगेत उभे होते आणि मुकादम हार्लनची वाट बघत होता.

"थोडाच पीळ दे," हार्लन म्हणाला. "जवळच उतरेल."

ट्वायलानं माझ्या नाकावरचं भिरभिरं बोटानं फिरवायला सुरुवात केली. माझ्या पोटातलं रबर वळू लागलं. थोडं झालं तशी ती थांबली. तिनं ट्रकांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. थोडक्या पिळात सगळं नीट आटोपलं असतं. मी उतरलो असतो, तो वेळेवर गेला असता. तिनं ओठ दाबले आणि पुन्हा फिरवत राहिली, रबराला गाठींवर गाठी पडेपर्यंत.

मग तिनं मला सोडलं.

मित्रांनो, तो क्षण मला सांगता येणार नाही. मी चढलो. ऊन वर आलं होतं, शेतातलं दव उडत होतं आणि तापलेल्या जमिनीतून ऊब उठत होती. जी ऊब गहू वाळवून हार्लनला कामाला बोलवायची, तिनंच मला खालून उचललं. रबराचा पीळ संपला, भिरभिरं थांबलं, तरी मी वरच चाललो होतो.

रस्त्यावर मुकादमानं ट्रकचा कर्णा वाजवला.

"बाबा, ट्रक," ट्वायला म्हणाली.

"ट्रकला रस्ता माहीत आहे," हार्लन म्हणाला. "याला नाही."

आणि तो धावत सुटला. ट्वायला त्याच्या मागं, मग बरोबरीनं. कर्णा पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. धसकटांतून दोन ठिपके, एक मोठा, एक छोटा, तोंडं वर करून माझ्याखाली धावत होते. वरून मला मोठ्याचं हसणं ऐकू येत होतं. छोटी ओरडत होती, "डावीकडे, बाबा, डावीकडे," आणि तो विचारत होता, "तुझ्या की माझ्या?"

मला उतरायची घाई नव्हती.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची अंगं नाजूक असतात. धूळ बसली तर फडक्यानं पुसू नका, फुंकर घाला. फाटलो तर कागदाचं ठिगळ लावा. पण हरवू म्हणून आम्हाला कमी पीळ देऊ नका. पुरता द्या, आणि मागं धावायला आपल्या माणसाला बरोबर घ्या.