शेडवरची सव्वीस जानेवारी

राजुरीच्या भरतभाऊंनी आपल्या द्राक्षांच्या शेडला सव्वीस जानेवारीची सुट्टी कधी दिली नव्हती. बायका ती आपली आपणच घ्यायच्या. दोन हजार तीन साली तर अख्ख्या शेडला एकाच दिवशी जुलाब लागले. त्या साऱ्या आजारी बायका शाळेच्या मैदानावर पोरांची लेझीम बघत उभ्या होत्या, हे भरतभाऊंच्या वडिलांनी, रखमाजीअण्णांनी, स्वतः पाहिलं आणि घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं.

जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. पहाटे बागेत घड तोडायचे, दिवसभर बायकांनी शेडमध्ये बसून खराब मणी कात्रीनं काढायचे, पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी गाडी मुंबईला लावायची. तोडलेला माल काही सणवार बघून थांबत नाही.

पुढच्या वर्षी भरतभाऊ पुण्याला उद्योजकांच्या एका शिबिराला गेले. तिथं कुणीतरी सांगितलं, राष्ट्रीय सण कामाच्या जागीच साजरा करा, कामगाराला ती जागा आपली वाटते. भरतभाऊंना ते फारच पटलं. सकाळी शेडसमोर झेंडा, मग जिलबी. आणि सगळ्या फाटकाच्या आत आल्याच आहेत, तर लगेच काम सुरू!

"म्हंजी बारशाला बोलवायचं आन् भांडी घासाया बसवायचं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला यातलं कळायचं नाय."

अडलं ते प्रमुख पाहुण्यावर. सरपंचांना शाळा, सोसायटी आणि ग्रामपंचायत असे तीन झेंडे आधीच लागले होते. बँकेचे साहेब बँकेत. निवृत्त गुरुजींना भरतभाऊंच्या चुलतभावानं त्याच्या दूध केंद्रासाठी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. ओझरपर्यंत फोन झाले. त्या सकाळी तालुक्यात रिकामा पाहुणा म्हणून नव्हता.

"अहो, गोजरमावशींना बोलवा की," भरतभाऊंच्या पत्नी वृषालीवहिनी म्हणाल्या. "शेडवर सगळ्यात जुन्या त्याच आहेत."

गोजरबाई आंबेगावच्या डोंगरातल्या. हंगामाला म्हणून खाली आल्या आणि राजुरीतच राहिल्या. शेडमधल्या बायका भरतभाऊंचं ऐकायच्या, पण आधी गोजरबाईंच्या तोंडाकडे बघून. त्यांनाच पाहुणी केलं की बाकीच्या आपोआप येतील, हे भरतभाऊंच्या लगेच लक्षात आलं. ते स्वतः निमंत्रण द्यायला गेले.

"पाव्हणीनं काय करायचं आसतं?" गोजरबाईंनी विचारलं.

"दोरी ओढायची, चार शब्द बोलायचं."

"आन् मंग?"

"मग काय, जिलबी खाऊन कामाला लागायचं."

"पाव्हणीनं?"

भरतभाऊ हसले. गोजरबाई हसल्या नाहीत. "बरं, येते," एवढंच म्हणाल्या.

सव्वीस तारखेला सगळ्या बायका ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून आल्या. एकीलाही जुलाब नव्हते. गोजरबाई खुर्चीवर ताठ बसल्या. भरतभाऊंनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, फोटो काढून घेतला. झेंडा वर गेला, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. गोजरबाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी खुर्चीकडे वळून पाहिलं.

"मला आजवर कुणी खुर्ची दिली नव्हती," त्या म्हणाल्या. "भरतभाऊनी दिली. लई बरं वाटलं. झालं."

टाळ्या पडल्या. जिलबी संपली. भरतभाऊंनी हात चोळले. "चला मग बायांनो, क्रेट वाट बघतायत."

"भाऊ, मी आता निघते," गोजरबाई म्हणाल्या. "आमची नात प्रतिभा शाळंत भाषण करणार हाय."

"मावशी, आन् काम?"

"आवं, शाल पांघरलेली पाव्हणी कात्री घेऊन बसली, तर गाव मला न्हाई हसायचं, तुमाला हसंल."

भरतभाऊंनी शालीकडे पाहिलं. "बरं, तुम्ही जा. बाकीच्या बसतील."

तेवढ्यात बायडाबाई नावाची पॅकिंगवाली पदर खोचत पुढं आली. "भाऊ, पाव्हणीला एकटीला धाडायचं व्हय? पोचवाया नको?"

"पोचवायला एवढ्या जणी?"

"टाळ्या वाजवाया आमी साऱ्याच व्हतो की."

"खरं हाय, भरत," अण्णा मागून म्हणाले. "रीतच हाय ती. आन् पुढं यजमानानं चालायचं आसतं."

भरतभाऊंनी वडिलांकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर गप्प झाला असता. अण्णांनी नारळ उचलून त्यांच्या हातात दिला.

अशी ती मिरवणूक निघाली. पुढं नारळ घेतलेले भरतभाऊ, मागं शालीतल्या गोजरबाई आणि त्यांच्यामागं सगळी शेड. शाळेत हेडमास्तरांनी शाल पाहिली आणि कुणी मोठ्या बाई दिसतात म्हणून गोजरबाईंना थेट स्टेजवर बसवलं. भरतभाऊंना जागा मिळाली ती सतरंजीवर, बालवाडीच्या पोरांत.

प्रतिभा भाषणाला उभी राहिली. पाठ केलेलं घडाघडा म्हणता म्हणता तिचं लक्ष स्टेजवरच्या खुर्चीकडे गेलं आणि ती अडखळली. मग पाठातलं सोडून म्हणाली, "ही माझी आजी आहे. ती दर वर्षी मागं उभी राहते आणि मालकाला दिसू नये म्हणून तोंड झाकून घेते. आज तिनं झाकलं नाही."

सगळं मैदान हसलं. गोजरबाईही हसल्या. भरतभाऊ मान खाली घालून नारळाची शेंडी कुरवाळत बसले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी नारळ गोजरबाईंच्या हातात ठेवला. "मावशी, आज कुणी शेडवर येऊ नका. घरी जा. हजेरी लागंल."

"आन् माल?"

"बघतो मी."

मग शेडमध्ये भरतभाऊ, वृषालीवहिनी, अण्णा आणि गाडीचा ड्रायव्हर बहिरू अशी चौघं पेट्या भरायला बसली. भरतभाऊंनी एक खराब मणी काढताना चार चांगले पाडले. बहिरूनं घड दाबून दाबून कोंबले. अण्णा पेटीपेक्षा तोंडात जास्त भरत होते.

"आपल्या बायका कसं करतात हो हे?" वहिनींनी कंबर धरत विचारलं.

"रोज करतात, आणखी काय," भरतभाऊ म्हणाले.

गाडी उशिरा गेली. दुसऱ्या दिवशी वाशीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "भरतशेठ, ह्या पेट्या भरल्यात का तुडवल्यात? कोण माणूस बसवला होता?"

"हाय एक नवीन," भरतभाऊ म्हणाले. "काढून टाकला त्याला."

पुढच्या जानेवारीत त्यांनी सव्वीसच्या पहाटेची तोडच रद्द केली आणि फळ्यावर लिहिलं, सव्वीसला शेड बंद, सर्वांना सुट्टी. संध्याकाळी बायडाबाई रागानं लाल होऊन घरी आली.

"सुट्टी बरी हाय, भाऊ, पर झेंडा का नाय? आवंदा पाव्हणी व्हायाचा माझा नंबर हाय. मी साडी घेऊन बसले!"

भरतभाऊंनी पुन्हा झेंडा लावला. बायडाबाई पुष्कळ बोलल्या. जिलबी गार होईपर्यंत बोलल्या, पण कुणाला कुठं जायची घाई नव्हती.